शिवडीचा किल्ला आणि बाबांची नाईट ड्युटी

लहानपण अख्खं शिवडीत गेलं आणि शिवडीचा किल्ला आतून बघितला तो आत्ता, वयाच्या ४१व्या वर्षी, तेही डोंबिवलीहून ट्रेन बदलून. हसायचं तर हसून घ्या, आमचे हे पण हसले.

पण त्याला कारण होतं. आमची चाळ रुळांच्या अलीकडे, पश्चिमेला. किल्ला, जेट्टी, गोडाऊनं, तेलाच्या टाक्या हे सगळं रुळांच्या पलीकडे. आणि आईचा नियम होता की रूळ ओलांडायचे नाहीत. तिकडे ट्रक असतात, पोरींचं तिकडे काय काम. त्यामुळे आमच्यासाठी शिवडी पूर्व म्हणजे बाबा संध्याकाळी डबा घेऊन ज्या बाजूला नाहीसे व्हायचे ती बाजू, बस. बाबा तिकडे एका प्रायव्हेट कंपनीच्या गोडाऊनवर वॉचमन होते. २९ वर्षं, आणि त्यातली निम्म्याच्या वर नाईट. किल्ला त्यांच्या रस्त्यापासून लांब नव्हता पण तेही कधी वर गेले नव्हते. मी विचारलं तर म्हणाले, "अगं ड्युटी सुटली की माणूस झोपायला घरी जातो, किल्ला बघायला जातो का?"

तर आम्हाला तिथे नेलं अथर्वने. वय १०, आणि किल्ल्यांचं वेड म्हणजे इतकं की दिवाळीत सोसायटीच्या बागेत किल्ला करताना याने रायगडाचा नकाशा प्रिंट काढून आणला आणि बाकीच्या पोरांना कामाला लावलं. गेल्या वर्षी जुलैमध्ये मराठ्यांचे १२ किल्ले युनेस्कोच्या यादीत गेले तेव्हापासून तर ते १२ पाठच आहेत त्याला, साल्हेरपासून जिंजीपर्यंत, कोणीही घरी आलं की म्हणून दाखवतो. त्याला कुठूनतरी कळलं की आजोबा राहायचे तिथे किल्ला आहे. झालं. दर रविवारी एकच भुणभुण.

मी त्याला आधीच सांगून ठेवलं, की हे बघ, हा महाराजांचा किल्ला नाही, इंग्रजांनी बांधलेला आहे. तो गप्पच बसला जरा वेळ. मग म्हणाला, "मग आपण कशाला चाललोय?"

आता याला काय उत्तर देणार. आपलं मराठी माणसाचं किल्ल्याचं गणित असंच आहे खरं. किल्ला म्हणजे गड, गड म्हणजे महाराज, पायथ्याशी चप्पल काढायची, वर जाऊन घोषणा द्यायची, खाली येऊन पिठलं भाकरी. मुंबईतले किल्ले त्या गणितात बसतच नाहीत. फोर्टला आपण फोर्ट म्हणतो पण तिथे फोर्ट कुठाय? १८६०च्या दशकात गव्हर्नर फ्रियरने तट पाडून टाकला, राहिली ती नावं. चर्चगेट स्टेशनला रोज लाखो लोक उतरतात त्यातल्या किती जणांना वाटतं की हे एका खऱ्याखुऱ्या गेटचं नाव होतं, किल्ल्याच्या दरवाजाचं? वांद्र्याचा किल्ला पोर्तुगीजांचा, १६४०चा, कॅस्टेला दे अग्वादा, म्हणजे पाण्याचा किल्ला, येणाऱ्या जहाजांना तिथे गोडं पाणी मिळायचं. त्याची २००३ मध्ये मस्त दुरुस्ती झाली, अँफीथिएटर वगैरे झालं, आणि तिथे लोक जातात ते सी लिंकचा फोटो काढायला आणि, आता लपवायचं काय, जोडीने बसायला. आम्हीपण बसलोय. त्यावर इथे जास्त लिहिणार नाही, अथर्व हल्ली माझं लिहिलेलं वाचतो.

असो. शिवडीला यायचं ते बाबांनी ठरवलं त्या वेळेला. मी म्हणत होते की आरामात निघू ११ला, तर म्हणाले नाही, रविवारी हार्बर लाइनला दुरुस्तीचा ब्लॉक असतो, आणि शिवाय पाण्याची वेळ बघावी लागेल, पोराला फ्लेमिंगो दाखवायचेत ना? मग भिंतीवरच्या कॅलेंडरपाशी उभे राहिले आणि बोटावर काहीतरी मोजून म्हणाले, "दशमी आहे. साडेसातला भरती. साडेदहापर्यंत चिखल उघडा पडेल. साडेनऊला तिथे पाहिजे."

हे त्यांचं गणित मला माहितच नव्हतं. तिथीला पाऊणने गुणायचं की भरतीची वेळ येते. अष्टमी असेल तर आठ पाऊणे सहा, सहाला भरती. दशमीला साडेसात. कोळी लोकांचं जुनं गणित आहे, बाबांना ते जेट्टीवरच्या एका कोळ्याने शिकवलेलं, मिनिटाला मिनिट जुळत नाही पण काम भागतं. मी मोबाईलवर टाइड टेबल काढून चेक केलं. वीसेक मिनिटांचा फरक. बाबांनी मोबाईलकडे अशा नजरेने बघितलं की मी तो ठेवूनच दिला.

कुर्ल्याला गाडी बदलून शिवडी. स्टेशनच्या पूर्वेला उतरलं की वास तोच. कोळसा म्हणा, तेल म्हणा, खारा चिखल म्हणा, सगळं मिळून जे काय होतं ते. बाबांच्या शर्टाला यायचा तो वास. मी काही बोलले नाही. रस्त्याला रविवार असूनही ट्रक उभे होते, एक चहाची टपरी, एक दर्गा, आणि गळ्यात हाताएवढ्या लेन्स लटकवलेले फ्लेमिंगोवाले लोक घाईघाईने जेट्टीकडे चाललेले. किल्ल्याकडे वळणारे आम्ही तिघंच.

आणि मग वर तो किल्ला. आधी खरं सांगते, मोठा नाहीये. रायगड डोक्यात ठेवून गेलात तर चक्क फसाल. एका उंचवट्याच्या टोकावर काळ्या दगडाची भिंत, मागच्या बाजूला सरळ कडा. अथर्वचा चेहरा पडलेला मला दिसत होता. "एवढाच?" पण दगडी दरवाजातून आत गेलो आणि चौकात आल्यावर तो एकदम थांबला आणि मागे वळून बघायला लागला. मग परत बाहेर गेला. परत आत आला. म्हणाला, "आई, हा तर गोमुखी आहे!"

म्हणजे झालं असं की बाहेरच्या दाराच्या समोरासमोर आतलं दार नाहीये. आत आलात की काटकोनात वळावं लागतं, मग आतला दरवाजा. म्हणजे बाहेरून तोफ डागली किंवा ओंडका घेऊन धावत आले तर सरळ धडक देता येत नाही, वळायला लागतं, आणि वळताना वरून मार बसतो. रायगडाचा महादरवाजा असाच लपवलेला आहे, दोन बुरुजांच्या मध्ये, जवळ जाईपर्यंत दिसत नाही, ते याला पाठ आहे. "इंग्रजांनी महाराजांचं कॉपी केलंय," असं त्याने जाहीर करून टाकलं. मी म्हटलं बाबा रे, दार वाकडं करायची अक्कल जगभर सगळ्यांनाच होती. पण त्याला ते मान्य नाही, आणि मला वाटलं जाऊदे, निदान कपाळावरची आठी गेली. आणि खरं सांगू का, तो अगदीच चुकला असंही नाही. कॉपी नसेल, पण हा किल्ला महाराजांच्या काळाशी बांधलेला आहे घट्ट.

मुंबई बेटं पोर्तुगीजांनी इंग्लंडच्या राजाला १६६१ मध्ये लग्नात आंदण दिली, राजाने १६६८ मध्ये ती ईस्ट इंडिया कंपनीला वर्षाला १० पौंड भाड्याने दिली, हे आपण शाळेत शिकतो. हे शिकवत नाहीत की त्या १० पौंडवाल्या कंपनीची इथे पहिली काही वर्षं नुसती तंतरलेली होती. जंजिऱ्याचा सिद्दी हा औरंगजेबाचा दर्यासारंग, त्याचं आरमार पावसाळा काढायला मुंबईच्या बंदरात येऊन बसायचं. इंग्रजांना नाही म्हणायची सोय नव्हती, कारण सुरतेचा व्यापार मोगलांच्या हातात. आणि हो म्हणावं तर इकडे महाराज खवळायचे, की माझ्या शत्रूला तुम्ही घरात ठेवून घेता? १६७९ मध्ये महाराजांनी खांदेरीवर तटबंदी बांधायला घेतली, मुंबईच्या तोंडावर, इंग्रजांनी जहाजं पाठवून अडवायचा प्रयत्न केला आणि जमलं नाही. सिद्दीने मग बाजूचं उंदेरी धरलं. म्हणजे हे सगळे एकमेकांच्या उंबरठ्यावर बसलेले. त्या सगळ्या धामधुमीत कंपनीने बेटाच्या कडेकडेने चौक्या बांधल्या. शीव, वरळी, माझगाव, आणि परळ बेटाच्या पूर्व टोकाला ही शिवडी. पूर्ण झाली १६८० मध्ये. अथर्वला साल सांगितलं तर तो लगेच, "१६८०? एप्रिलमध्ये महाराज गेले." आणि मग गप्प बसून भिंतीकडे बघत राहिला. आता खांदेरी त्या युनेस्कोच्या १२मध्ये आहे, आणि ही शिवडी म्हणजे त्याच गोष्टीतलं समोरच्या पार्टीचं घर.

आत बघायला काय आहे? एक पाच कोनांची खोली आहे, वरचं छत घुमटासारखं वळवलेलं. लांबलचक कमानी छताच्या खोल्या आहेत एकाला एक लागून. लाकूड नाही, तुळई नाही, नुसता दगड दगडाला टेकून उभाय. उन्हातून आत शिरलात की पाठीवर गार पाणी ओतल्यासारखं वाटतं. किल्ला आता राज्याच्या पुरातत्त्व खात्याकडे आहे, ग्रेड वन हेरिटेज, आणि डागडुजी झालेली दिसते, काही ठिकाणी सांधे ताजे आहेत, फिकट रंगाचे. आमच्या सोसायटीचं वॉटरप्रूफिंग दोन वर्षं चाललंय आणि कमिटीत मी आहे, त्यामुळे मला हल्ली कुठलीही भिंत दिसली की मी आधी ओल बघते. तर आपल्या कंत्राटदाराकडून ऐकलेलं सांगते, जुन्या दगडी बांधकामाला सिमेंट लावत नाहीत, चुनाच लावतात. सिमेंट पाणी आत कोंडून धरतं, चुना ते बाहेर सोडतो. सिमेंटने भरलं की वरून टकाटक दिसतं आणि आतून दगड खात जातं. चुन्यात पूर्वी गूळ घालायचे, बेलफळाचा गर घालायचे, उडदाचं पीठ घालायचे, मग तो बैल लावून घाण्यात मळायचे. अथर्व म्हणाला म्हणजे खाता येईल का भिंत. बाबा म्हणाले चाटून बघ. त्याने खरंच चाटली. पोरगं माझंच आहे ते.

किल्ल्यावर एक वॉचमन होता. खुर्ची सावलीत, बाजूला पाण्याची बाटली, हातात काठी. बाबांनी आल्या आल्या त्याच्याकडे बघितलं होतं पण बोलले नव्हते. मी अथर्वला वाचून दाखवत होते की नंतर इंग्रजांना या बाजूची भीती राहिली नाही, मराठ्यांची, सिद्दीची सत्ता ओसरली, तेव्हा किल्ल्यात कैदी ठेवायला लागले, आणि त्याच्यानंतर तो पोर्ट ट्रस्टचं गोडाऊन झाला.

"गोडाऊन?" बाबा एकदम वळले.

हा शब्द ऐकला आणि माणूस बदलला. इतका वेळ ते पर्यटक होते, हात मागे बांधून सावकाश चाललेले. आता त्यांनी राउंड मारायला घेतला. खरंच, राउंडच. मला ती चाल माहितीये. भिंतीच्या कडेकडेने, डावा हात भिंतीला लावून, प्रत्येक कोपऱ्यावर थांबून आधी मान पुढे काढायची मग पाय टाकायचा. त्यांच्या गोडाऊनवर भिंतीला ठिकठिकाणी चाव्या टांगलेल्या असायच्या आणि वॉचमनकडे जाडजूड घड्याळ, दर तासाला जाऊन प्रत्येक चावी त्या घड्याळात फिरवायची, म्हणजे आतल्या कागदावर टाइम उठतो आणि सकाळी साहेबाला कळतं की रात्री हा फिरला का झोपला. तशी चाल. सगळा किल्ला त्यांनी असा फिरून काढला आणि परत येऊन म्हणाले, "माल ठेवायला एक नंबर. एकच दार, वाकडं. गार. आगीची भीती नाही. पण पहाऱ्याला बेकार."

मी विचारलं बेकार का.

"समुद्र दिसतो तो लांबचा. खालचा काठ दिसत नाही. कडा आहे ना मध्ये. खाली कोण उतरलं ते वरून दिसायचं नाही. रात्री तर नाहीच."

आणि गंमत बघा, तसंच झालेलं आहे. ही गोष्ट मी त्यांना तिथेच सांगितली. किल्ल्यात माणसं किती तर ५०च्या आसपास, एक सुभेदार, आणि ८-१० तोफा. किल्ला बांधून १० वर्षंही झाली नव्हती. १६८९ साल. म्हणजे ज्या वर्षी संभाजी महाराजांना मारलं तेच वर्ष, औरंगजेब दख्खनमध्ये ठाण मांडून बसलेला. कंपनीचा गव्हर्नर जॉन चाइल्ड, याने काय अवदसा आठवली आणि मोगलांची जहाजं पकडायला सुरुवात केली. मग सिद्दी याकूतखान आला. २०,००० माणसं घेऊन, असं लिहिलेलं आहे, आणि उतरला कुठे, तर शिवडीला. मध्यरात्री. किल्ल्यातल्यांनी धोक्याची एक तोफ उडवली आणि खाली मुंबईच्या मोठ्या किल्ल्याकडे निघून गेले. लढाई नाही, काही नाही. शिवडी गेली, मग माझगाव गेलं, मग माहीम लुटलं, आणि कंपनीचे लोक वर्षभराहून जास्त त्या मोठ्या किल्ल्यात कोंडून बसले. शेवटी औरंगजेबाच्या दरबारी माणसं पाठवून माफी मागितली, दीड लाख रुपये दंड भरला, तेव्हा १६९० मध्ये सिद्दी निघाला, जाताना माझगावचा किल्ला उद्ध्वस्त करून गेला. तो किल्ला होता तिथे आता भंडारवाड्याच्या टेकडीवर जोसेफ बॅप्टिस्टा उद्यान आहे. काका बॅप्टिस्टा, टिळकांचे मित्र. इंग्रजांच्या किल्ल्याच्या जागी स्वराज्यवाल्या माणसाची बाग, हे मला आपलं बरं वाटतं.

अथर्व वैतागला. "म्हणजे हे लोक पळाले? एक तोफ मारून? ५० जण होते ना! बाजीप्रभूंकडे ३०० होते आणि समोर किती होते!"

मला वाटलं आता बाबा त्याला बाजीप्रभूंचं काहीतरी सांगतील. पण ते पायरीवर बसले आणि बोटांवर परत काहीतरी मोजायला लागले. "मध्यरात्री म्हणालीस ना? १२ला?"

हो.

"इथे ओहोटीला उतरता येत नाही. मांडीपर्यंत गाळ आहे. २०,००० काय, २० माणसं उतरली तरी सकाळपर्यंत तिथेच उभी. म्हणजे ते भरतीलाच आले. भरती १२च्या सुमाराला म्हणजे पौर्णिमा नाहीतर अमावास्या." थोडं थांबून म्हणाले, "मी असतो तर अमावास्या धरली असती."

मी आणि अथर्व बघत बसलो त्यांच्याकडे. इतकं वाचलं मी या किल्ल्याबद्दल, हा हिशोब कोणी केलेला मला दिसला नाही. चूकही असेल, मध्यरात्र म्हणजे नक्की किती वाजता हे कोण सांगणार. पण ती रात्र मला त्या क्षणी पहिल्यांदा दिसली. काळोख, पाणी चढत चाललेलं, वल्ह्यांचा आवाज असलाच तर लाटांत मिसळलेला, आणि वर भिंतीवर कोणीतरी एकटा जागा, ज्याला काठ दिसत नाही.

मग बाबा अथर्वला म्हणाले, "पळाले नाहीत रे ते. तोफ उडवली ना? वॉचमनचं काम लढायचं नसतं. ओरडायचं असतं. ओरडला, काम झालं."

आणि मग, अगदी सहज, समोर बघत, त्यांनी एक गोष्ट सांगितली जी मी कधी ऐकलेली नव्हती. १९९४ साल. नाईट होती, दोघांची ड्युटी पण दुसरा आलाच नव्हता. मागच्या भिंतीवरून माणसं आत उतरली, सहा का सात, हातात सळ्या. बाबांनी शिट्टी मारली, फुंकत फुंकत पुढच्या गेटकडे धावले, शेजारच्या गोडाऊनच्या दोन वॉचमनना घेऊन परत आले तोवर माल गेला होता. सकाळी साहेबाने विचारलं, तू जागा सोडून पळालास कसा? मेमो दिला. १५ दिवस बिनपगारी घरी बसवलं. "शिट्टी वाजवली होती म्हटलं, साक्षीदार होते. तर साहेब म्हणाला, शिट्टी वाजवायला तुला पगार देतो का. मी म्हटलं हो साहेब, त्याचाच देता." हे सांगून ते हसले. "ते म्हणालो म्हणून १५ दिवस. नाहीतर आठच देणार होता."

१९९४ म्हणजे मी चौथीत. ते १५ दिवस मला चांगले आठवतात. आई म्हणाली होती बाबांना सुट्टी लागलीय. बाबा रोज मला शाळेत सोडायला यायचे, दुपारी गच्चीत आमच्याबरोबर पत्ते खेळायचे, एकदा राणीच्या बागेत पण नेलं, चालत, जाताना आणि येताना पण चालत, आणि मला वाटलं होतं की किती मज्जा, चालत जायचं म्हणजे वाटेत सगळं बघता येतं. मी पुढे कित्येक वर्षं सांगायचे मैत्रिणींना, की लहानपणीची बेस्ट सुट्टी कुठली तर ती.

मी काही बोलले नाही. काय बोलणार? अथर्वने विचारलं, "आजोबा, मग चोर सापडले का?" बाबा म्हणाले नाही. "मग तुम्ही परत गेलात कामाला?" म्हणाले, "१६व्या दिवशी. नाईटच होती."

वर तटावर गेलो शेवटी. तिथून काय दिसतं ते सांगायलाच हवं. हा किल्ला बांधला तेव्हा पाणी अगदी खाली होतं असणार, आता मध्ये कितीतरी जमीन आलीय. माझगाव ते शिवडीची भर १९०८ ते १९१२च्या दरम्यान टाकली, नवीन गोदी खणली त्याचा गाळ आणून. त्या भरावावर ती गोडाऊनं, टाक्या, ट्रक, म्हणजे बाबांची अख्खी नोकरी. त्याच्या पलीकडे खारफुटी, मग चिखल, आणि चिखलाच्या कडेला, साडेदहा वाजून गेले होते, पाणी मागे सरकलेलं, गुलाबी पट्टा. आधी मला वाटलं कसलीतरी प्लास्टिकची घाण आलीय वाहून. मग ती हलली. हजारो असतील, मी मोजले नाहीत. हिवाळ्यात येतात, पावसाळ्याच्या आधी परत जातात, त्या चिखलात त्यांचं खाणं असतं. आणि त्यांच्या बाजूने सरळ समुद्रात घुसलेला अटल सेतू, जानेवारी २०२४ मध्ये सुरू झालेला, २१.८ किलोमीटर, इथून निघून पार न्हावा शेवाकडे. ज्या पाण्यातून सिद्दी यायला अमावास्या शोधायचा तिथून आता गाड्या १००च्या स्पीडने येतात. अथर्वला तोफा कुठे ठेवल्या असतील ते शोधायचं होतं, बाबांना त्यांचं गोडाऊन शोधायचं होतं. दोघंही बोट करून करून बघत होते आणि दोघांचंही सापडलं नाही. गोडाऊन पाडलं असेल, बाबा म्हणाले. का दिशा चुकतेय. त्यांनी ते कधी वरून बघितलेलंच नव्हतं ना.

उतरताना बाबा त्या वॉचमनपाशी थांबले. आम्ही पुढे गेलो आणि दरवाजापाशी उभे राहिलो, मला वाटलं दोन मिनिटं. २० मिनिटं झाली. गावाची ओळख निघाली, तो संगमेश्वरकडचा, आम्ही लांज्याचे, म्हणजे निघणारच होती. मग पगार किती, ठेकेदार कोण, हातात किती पडतात, पीएफ कापतो का, रिलीव्हर, म्हणजे पुढच्या पाळीचा माणूस, वेळेवर येतो का. रिलीव्हर वेळेवर येत नाही. हे ऐकून बाबांनी अशी मान हलवली जशी डॉक्टर रिपोर्ट बघून हलवतात. मग त्याला त्यांनी तटाकडे हात करून काहीतरी समजावलं, तो पण उठून उभा राहिला, दोघं कोपऱ्यापर्यंत जाऊन खाली वाकून बघून आले. अथर्व म्हणाला, "आई, आजोबा त्याला कडा दाखवतायत, जिथून दिसत नाही."

परतीला ब्लॉकमध्ये सापडलोच. शिवडीहून दादरपर्यंत बसने आलो, घरी पोचायला तीन वाजले, अथर्व माझ्या मांडीवर झोपलेला आणि त्याच्या जिभेला म्हणे अजून चुन्याची चव.

हे झालं गेल्या महिन्यात. काल रविवार होता, मी उठले तर बाबा घरात नाहीत. देवळात गेले असतील म्हणून थांबले, मग ९ वाजता फोन केला. मागे ट्रकचा हॉर्न ऐकू येत होता. म्हणाले शिवडीला आलोय, त्याची फर्स्ट शिफ्ट आहे आज, दोघं चहा पितोय, काळजी करू नको. मी म्हटलं अहो बाबा सांगून तरी जायचं, आणि आज पण ब्लॉक आहे, येणार कसे? तर म्हणाले, "येतो गं. रिलीव्हर आला की निघतो."